पाटीवरचा घरचा माणूस

चिंचवड स्टेशनजवळ माझं पाट्यांचं दुकान आहे. चाकण पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची ध्येयवाक्यं माझ्या मशीनवर कापली गेलीत, आणि खरं सांगायचं तर मजकूर सगळ्यांचा एकच. 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास.' मालकाचं नाव बदलायचं, रंग बदलायचा, झालं काम. म्हणून कुरुळीचा नवनाथ काळदाते एका वाक्यासाठी पुन्हा पुन्हा दुकानात यायला लागला तेव्हा मी वैतागलो होतो.

नवनाथ मूळचा अंबाजोगाईकडचा. इथे हेल्पर म्हणून आला, आणि आता त्याची स्वतःची शेड आहे, पत्र्याचे छोटे पार्ट काढणारे प्रेस आहेत. माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी तोंडावर आली होती. तिथल्या तनुजा मॅडमनी त्याला बजावलं होतं, "ध्येयवाक्य दारावर हवं, आणि तुमचं स्वतःचं हवं. उद्या एखाद्या कामगारानं त्याकडे बोट दाखवून जाब विचारला, तर उत्तर देता आलं पाहिजे." तपासणीत नापास म्हणजे काम बंद.

बऱ्याच खाडाखोडीनंतर त्यानं लिहून आणलं: 'आमच्याकडे प्रत्येक कामगार घरचा माणूस आहे.' मला आवडलं. निदान ध्यासाचा त्रास तरी नव्हता.

पाटी लावायला मी स्वतः कुरुळीला गेलो. नवनाथनं शिडी धरायला सयाजीला बोलावलं. सयाजी त्याचा मावसभाऊ, गेटवर बसतो. त्यानं डाव्या हातानं शिडी धरली. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधलं काही नाही. त्यानं पाटी सावकाश वाचली.

"दादा, त्यातलं 'घरचा' तेवढं काढा की," तो नवनाथला म्हणाला.

"का रे? चांगलं आहे की."

"मी घरचाच होतो ना," सयाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. तो पाणी आणायला निघून गेला.

नवनाथ पायरीवर बसला. माझ्या हातात ड्रिल तसंच. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो बोलत सुटला.

"हरिहरभाऊ, प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणावर असले तरच प्रेस खाली येतो. त्या दिवशी माल घाईचा होता. एक बटण मीच चिंधीनं दाबून बांधलं, म्हणजे एक हात मोकळा राहतो, काम पळतं. बाकीची पोरं न्हाई म्हणाली. सयाजीला म्हणालो, तू घरचा हायेस, तू तरी न्हाई म्हणू नकोस." सयाजी गेला त्या दिशेला त्यानं बघितलं. "विम्याचं कार्डही सगळ्यांचं काढलं होतं. त्याचंच न्हाई. घरच्याला कशाला कार्ड, म्हणालो. आणि परवा हे वाक्य लिहिताना मला त्याची आठवणसुद्धा झाली न्हाई. उलट डोळे भरून आले, राव, माझ्याच चांगुलपणानं."

त्याचं सांत्वन करावं असं मला वाटलं नाही. पाटी काढून मी गाडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नवं वाक्य ऐकून मी म्हटलं, "अहो, हे वाचून मॅडम काय म्हणतील?"

"विचारतील. विचारू द्या. मी सांगेन."

तपासणीच्या दिवशी सकाळीच मी पाटी घेऊन गेलो. सयाजीनं पुन्हा शिडी धरली. शेडमध्ये प्रेसच्या बटणांवर कुठेही चिंधी नव्हती. पाटी वर चढली:

'इथे कोणीही घरचा नाही. सगळे कामगार आहेत.'

सयाजीनं वाचली, दोनदा वाचली. नवनाथ त्याच्याकडे बघत उभा होता. काहीतरी बरं ऐकायला मिळेल म्हणून, मला वाटतं.

"आता बरोबर हाय," सयाजी म्हणाला. मग गेट उघडायला जाता जाता वळला. "चला, साहेब. मॅडमची गाडी आली."

इतक्या वर्षांत त्यानं नवनाथला दादाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.