हात तुझा, तर सूर्यही तुझाच

पागे मॅडम पोह्यांवर जिरावन घालू द्यायच्या नाहीत. इंदूरमध्ये! दुकानदारानं मसाल्याचा डबा उचलला, की मॅडमचा पंजा प्लेटवर आडवा. "रुको भिया! आधी सादे पोहे कळू देत." दोन घास चाखून झाले, की मग स्वतःच डबा मागून मनसोक्त भुरभुरवायच्या.

आमच्या प्रयोगशाळेतही त्यांचा हाच कायदा. एका खुल्या तारकागुच्छातले तारे एकाच ढगातून जन्मलेले. त्यांच्यात लोखंड किती, ते आम्ही वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून मोजत असू. रेष किती खोल, हे ठरवायला वर एक आधाररेषा ओढावी लागते. ती मॅडम हातानंच ओढायला लावत, आणि प्रत्येकाचा हात निराळा. म्हणून फर्मान असं, की ताऱ्यांआधी त्याच हातानं सूर्याचा वर्णपट मोजायचा आणि ताऱ्यांची तुलना त्या सूर्याशी करायची. "हात तुझा, तर सूर्यही तुझाच पाहिजे. दूसरे का नहीं चलेगा."

मी पक्का आळशी. मॅडमच्याच जुन्या वहीतला सूर्य गुपचूप उतरवून घेतला. साक्षात गुरूचा सूर्य, त्यात खोट कसली! आणि काय सांगू, आमचा गुच्छ लोखंडानं असा श्रीमंत निघाला, की मॅडम नाचायच्याच काय त्या बाकी राहिल्या. असं काही वेगळं सापडावं म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती, आणि आता निवृत्तीला आठवडा उरला होता. संचालकांनी निरोपसमारंभाच्या पत्रिकेत हा शोध ठळक छापून टाकला.

समारंभाच्या सकाळी मॅडम सहज म्हणाल्या, "तुझा सूर्य दाखव रे." दाखवला. आपले आकडे त्यांनी लगेच ओळखले.

"अरे गधे, हा तर माझा! मी आधाररेषा खाली ओढते, तू वर. म्हणून तुझ्या ताऱ्यांत लोखंड फुगलं."

दुपारपर्यंत शेजारी बसून त्यांनी माझ्याकडून सूर्य मोजून घेतला. गुच्छाची श्रीमंती साफ गायब.

मी हात जोडले. "मॅडम, आजच्या दिवस गप्प राहू. उद्या सांगू."

"उद्या मी कुठे असणार इथे?"

संध्याकाळी संचालक शोधाचं भरभरून कौतुक करून बसले. मॅडम शाल सावरत माइकपाशी गेल्या. "साहेब, वो तो गया. मोजण्यात चूक झाली, आमची. गुच्छ आपल्या सूर्यासारखाच निघाला." मी खुर्चीत वितळत होतो. माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही. "तोंडं काय पाडता? इतक्या लांबचे तारे, कधी भेट नाही की गाठ नाही, और मीठ-मसाला बिल्कुल आपल्या घरचा! हे काय कमी आहे?"

मग पोहे आले. मॅडमच्या प्लेटवर कुणीतरी आधीच जिरावन घातलं होतं. त्यांनी ती प्लेट सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली.

"ही तू खा. तुला सादं चाखायची सवय नाही."