हाथ खाली रखें

लेक पुण्याहून दोन्ही मुलांना घेऊन भोपाळला आली आणि आल्याआल्या तिनं जाहीर केलं, "मला रविवारी परत जायचंय. ही दोघं रमली तर पंधरा दिवस ठेवून घे, नाहीतर नेते बरोबर." रमवायची जबाबदारी अर्थातच माझी. शाहपुऱ्याचा तलाव त्यांनी शुक्रवारी पाच मिनिटांत पाहून संपवला. उरला शनिवार. मग मी हुकमाचा एक्का काढला, विज्ञान केंद्र. तिथं सगळं ओढायचं, फिरवायचं, दाबायचं. घरात ज्याबद्दल ओरडा बसतो ते सगळं तिकीट काढून करायचं.

आत शिरताना सात वर्षांची नात दाराशीच थबकली. तिला नुकतंच भराभर वाचता यायला लागलंय, त्यामुळे ती एकही पाटी सोडत नाही. काहीतरी वाचून तिनं दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि चार वर्षांच्या भावालाही तसंच उभं केलं. मी एका खुर्चीत बसून, कप्पीची दोरी ओढून स्वतःला वर उचललं. दोघं ढिम्म. वाकड्या आरशात मी आधी पिंप झाले, मग काठी झाले. नातू फिसकन हसला, तर बहिणीनं डोळे वटारले. माझा पारा चढायला लागला. म्हटलं, झालं, उद्या निघाली ही मंडळी.

"हात का लावत नाहीस गं?"

"तिथं लिहिलंय, हाथ खाली रखें. आजी, तू मघापासून नियम मोडतेयस."

मला हसू आवरेना. "अगं, हिंदीत खाली म्हणजे रिकामे. हातात पिशव्या-बाटल्या नकोत, एवढंच."

"खाली म्हणजे खाली." तिनं जमिनीकडे बोट दाखवलं.

मी जन्मभर इथल्या शाळेत हिंदी शिकवलेली बाई. अशी हार थोडीच मानणार! बाटलीतलं उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि म्हटलं, "बघ, बाटली खाली झाली."

"ती तर तुझ्या हातात आहे."

शेवटी तिथल्या रखवालदाराला मध्ये घातलं. "भैया, इसे ज़रा बताइए, खाली मतलब क्या?"

तो प्रेमानं म्हणाला, "खाली मतलब खाली, बेटा."

"बघ!" नात म्हणाली. मी ओशाळले. तेवढ्यात नातवानं संधी साधून हवेच्या झोतावर नाचणारा चेंडू पकडला.

"त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याला चालतं," तिनं निकाल दिला. मग जरा विचार करून स्वतःचे डोळे घट्ट मिटले. "आता मलाही वाचता येत नाही." पुढचे दोन तास तिनं डोळे किलकिले ठेवून एकही बटण सोडलं नाही.

संध्याकाळी लेकीनं बॅग काढली आणि विचारलं, "मग? उद्या निघायचं ना?" मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. हात थांबला.

"आम्ही राहतो," नात गंभीरपणे म्हणाली. "आजीला खाली म्हणजे काय तेच कळत नाही. कुणीतरी शिकवायला पाहिजे."

लेक खो खो हसत सुटली. मी मात्र लगेच कबूल करून टाकलं, मला नाहीच कळत. पंधरा दिवस घरात ही दोघं असणार असतील, तर खाली म्हणजे वर हेही मी मान्य केलं असतं.