हात्सुएबाईंचे व्हॉल्व्ह

पर्सिमन फळांची टोपली अर्धीच सोलून झाली होती, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. हात्सुएबाईंनी सुरी खाली ठेवली. धाकटा दीर तोकुजी घोंगडी काखेत मारून आत शिरला.

"वहिनी, आज नेतोच मी दादाचा अँप्लिफायर."

जपानमधल्या मोरिओका शहराच्या त्या गल्लीत बाईंच्या यजमानांनी पस्तीस वर्षं गाणी ऐकवणारं कॉफीचं दुकान चालवलं. ते गेल्यावर बाई आठवड्यातून तीन दिवस ते उघडत. अँप्लिफायरमधल्या, दिव्यासारख्या काचेच्या चार मोठ्या व्हॉल्व्हपैकी एक वसंतात गेला, शेवटचा राखीव तिथं लागला. तसले आता बनत नाहीत. तेव्हाच तोकुजी म्हणाला होता, "बाईमाणसाच्या हातचं हे काम नव्हे."

कोपऱ्यात ओनोदेरा बसले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची तबकडी संपली.

"अँप्लिफायर बंद करू का हो?" बाईंनी विचारलं. "आता पाचपर्यंत कुणी येत नाही. तुम्ही नुसते तंबाखू आणून लगेच परतणार असलात, तर चालूच ठेवते."

"करा, करा. मी दिराचा तमाशा बघतो."

तोकुजीनं पुढं होऊन अँप्लिफायरच्या दोन डब्यांपैकी लहान डब्याच्या बटणाला हात घातला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"आधी आवाज शून्यावर. मग मोठा डबा. हा लहान सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर स्पीकरमध्ये असा धाडकन आवाज होईल, की त्याचा कागद फाटेल."

त्यांनी त्याच क्रमानं बंद केलं. काचेतली लाली विझत गेली. तोकुजीनं घोंगडी उलगडली.

"काय करताय?"

"गुंडाळतो. गाडीत धक्के बसतील."

"भावोजी, तो व्हॉल्व्ह मीच मारला. दुकान बंद झालं की सगळं झाकून नीटनेटकं करायचं, ही माझी सवय. गरम काचेवर रोज ताबडतोब कापड टाकलं. उष्णता आतच कोंडली. आता अर्धा तास उघडा ठेवते. गरम असताना हलवतसुद्धा नाही, आतली तार मऊ असते."

"अर्धा तास मी काय करू?"

"सुरी आहे तिथं. फळं सोला."

ओनोदेरा खदखदून हसले. तोकुजी सोलायला बसला, जाड साली काढत. बाईंनी देव्हाऱ्यात उदबत्ती लावून हात जोडले आणि येऊन विचारलं,

"तुमच्या साके-दारूच्या दुकानात हा कुठं ठेवणार?"

"दर्शनी काचेत. दिवसभर वाजेल. गिऱ्हाईक थांबेल."

"आणि बंद कोण करणार?"

"कुणी कशाला? दुकान मिटताना मी मुख्य बटण दाबतो. दिवे, फ्रिजसुद्धा..." बोलता बोलता तो लहान डब्याच्या बटणाकडे बघू लागला.

"फ्रिजसुद्धा?" ओनोदेरा म्हणाले. "मग साके उकळूनच विकतोस म्हण!"

"फ्रिज नाही हो! बाकी सगळं." तोकुजीनं अँप्लिफायरच्या लोखंडाला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. "अजून भाजतंय."

"भाजणारच. वीस मिनिटंच झालीत."

 तोकुजीनं घोंगडीची घडी घातली.

"आठवडाभरात माझं दुकान हे व्हॉल्व्ह खाऊन टाकेल, वहिनी. इथंच असू दे. पण महिन्यातून एकदा मी येऊन बसणार, कॉफी फुकट."

"कॉफीचे पैसे पडतील," बाई म्हणाल्या. "दीर असलात तरी."

उद्या यजमानांच्या मासिक श्राद्धाची तिथी होती. बाई पिशवी घेऊन त्या दिवसाच्या शाकाहारी जेवणासाठी टोफूवाल्याकडे निघाल्या.