बिल्ला मीच कापला होता

गायींचा विमा उतरवायचा म्हणून मी बारामतीत तीन एजंटांकडे गेलो. तिघांनीही हात जोडले. जनावरांच्या विम्यात कटकट फार, भवानीनगरच्या तात्यांकडे जा, असं तिघांचंही म्हणणं. नेमकं तिथंच मला जायचं नव्हतं.

का, ते बारा वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तेव्हा माझ्या गोठ्यात दोन गायी, विमा एकीचाच, तोही तात्यांनी उतरवलेला. पोट फुगून मेली ती दुसरी, बिनविम्याची. मी जिवंत गायीच्या कानातला विम्याचा पिवळा बिल्ला कात्रीनं कापला, मेलेलीच्या कानात तारेनं अडकवला आणि तात्यांना फोन केला. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून त्यांनी जनावर न निरखताच सही केली. कंपनीच्या माणसानं मात्र कागद ताडून पाहिला. विम्याच्या गायीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, मेलेलीच्या नव्हता. दावा फेटाळला गेला. आमच्या अंथुर्ण्यात बोभाटा झाला की एजंटानंच बिल्ला बदलला. मी गप्प राहिलो. गावानं तात्यांना चोर ठरवलं. त्यांचं गावात येणं तुटलं.

आता गोठ्यात सात गायी. मन घट्ट करून भवानीनगरला गेलो. तात्या ओट्यावर फॉर्म भरत बसले होते. चष्मा वर करून म्हणाले, "या. आज कुणाचा कान कापलाय?"

मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "कात्रीनं कापल्याला बिल्ला मागनं बघितल्यावर मला कळणार न्हाय व्हय? न बघता केल्याली सही माजी हुती, म्हणून गप बसलो. पर हितं काय सांगताय? चोर मी तुमच्या गावात हाय. तितं सांगा. मग गायी बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या जनावरांच्या डॉक्टरला घेऊन थेट आमच्या डेअरीवर आले. दुधाच्या किटल्या घेऊन निम्मं गाव रांगेत. मी सगळ्यांसमोर उभा राहून बोललो. बिल्ला, कात्री, तार, सगळं.

रांगेतले एक आबा म्हणाले, "आरं, बारा वरसं ह्या तात्याला शिव्या घातल्या आमी! त्या आता परत कशा घ्यायच्या?"

"ऱ्हाऊ द्या आबा," तात्या माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "ह्यास्नी लागतील."

मागून बायकोचा आवाज आला, "तरीच माजी शिवणाची कात्री बोथट झाली हुती!"

रांग फिदीफिदी हसली. मीही हसलो. इतक्या वर्षांत एवढा मोकळा हसलो नव्हतो.

मग गोठ्यात येऊन तात्यांनी माझ्या साती गायी स्वतः तपासल्या. शिंगं, ठिपके, शेपटीचा गोंडा, एकेक खूण डॉक्टरला लिहायला लावली आणि मगच कानात बिल्ले ठोकले. तेवढ्यात आबांनी आपल्या दोन गायी आणल्या. मग समोरच्या गल्लीतून आणखी आल्या. मी प्रत्येकीचं मुंडकं धरत होतो आणि तात्या ओरडत होते, "घट्ट धरा राव, विमा गायीचा हाय, माज्या बोटांचा न्हाय!"

दुपारी पिशवीतले बिल्ले संपले, तरी दारात गायी उभ्याच. तात्यांनी टोपी सारखी केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "घाई करू नका. उद्या येतो. आता कवाबी येतो."