पहिला मान व्याह्यांचा

माझ्या व्याह्यांना मी मरणाच्या दारातून ओढून आणलं, असं मी एक दिवसभर मनापासून समजत होतो.

मी काशिनाथ. शाळा चौथीपर्यंत, नोकरी रेल्वेत, ठाकुरवाडीच्या घाटात रूळ सांभाळायची. तीस वर्षं हातात हातोडा आणि डाव्या गालात तंबाखूची गोळी. रिटायर झालो तेव्हा हातोडा परत केला. गोळी कुणी मागितली नाही, म्हणून राहिली.

मग त्या गालात आतून खरखरायला लागलं. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. मी गुपचूप आमटीत पाणी ओतून खायला लागलो. पण माझी बायको भागी, तिच्यापासून काही लपायचं नाही.

"आमटीला आंघोळ कशाला घालताय?"

"तिखट झालीय."

"तीस वर्षं तिखट नव्हती ती? आ करा."

"मी काय बैल हाय, दात बघायला?"

"बैल बरा. तो आ तरी करतो!"

त्याच आठवड्यात कर्जतच्या शाळेत शिबीर लागलं. टेंपोवर भोंगा लावून एक माणूस गावोगाव ओरडत गेला, पन्नाशीच्या वरच्या पुरुषांनी तोंड तपासून घ्या, कॅन्सर लवकर कळला तर बरा होतो. मी म्हणालो, "ज्याला काय झालं नाय, त्यानं जाऊन लावून घ्यायचं का?" (आमच्या गावातल्या सगळ्या बाप्यांची डॉक्टरकी एवढीच होती.) भागी गप्प बसली. ती गप्प बसली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं!

तिनं नर्सबाईकडून माझ्या नावाचा कागद आणला, नंबर सात. आणि कुंभिवलीला निरोप धाडला. रविवारी सकाळी दारात कोण? आमच्या सुमनचे सासरे, हिराजी. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, खिशात त्यांचा स्वतःचा कागद, नंबर एकेचाळीस.

"चला पाव्हणं! विहीणबाई म्हणाल्या तुमी निघालाय, म्हणून मी बी आलो."

आता व्याह्यांसमोर मला भीती वाटते असं कसं सांगणार? निमूट चपला घातल्या.

शाळेच्या फाटकाबाहेर सगळ्यांनी तंबाखू थुंकली, चुळा भरल्या. एवढे स्वच्छ पुरुष मी गावाच्या लग्नातसुद्धा बघितले नव्हते. भागी पायरीवर डबा घेऊन बसली. तेवढ्यात आतून आवाज आला, "सात नंबर!" माझे पाय जागेवर थिजले. डोकं मात्र पळायला लागलं.

"पाव्हणं, तुमी आधी."

"छे छे, नंबर तुमचा हाय."

"म्हणून काय झालं? पहिला मान व्याह्यांचा! उद्या लोक म्हणतील, ह्यानं व्याह्याला मागं ठेवून आपलं तोंड पुढं केलं."

आमच्याकडे व्याह्यानं दिलेला मान नाकारला तर पुढची दोन लग्नं भांडणात जातात. हिराजींच्या हातात मी माझा कागद कोंबला, त्यांचा काढून घेतला, आणि त्यांना आत ढकललं. सात ते एकेचाळीस म्हणजे पळून जायला भरपूर वेळ. वळलो तर भागी पायरीवरून उठून फाटकात जाऊन बसली होती. डब्यासकट!

शेवटी एकेचाळीस आला. टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "नाव?" हातातला कागद व्याह्यांचा. मी ठणकावून सांगितलं, "हिराजी!" त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, गालातल्या गालात हसला आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माणूस गोड आहे. डॉक्टरनं बॅटरी मारली, गाल दाबला, "हं" म्हणाला. सुटलो!

पंधरा दिवसांनी पत्रं आली. व्याह्यांना आलं, तुमचं तोंड साफ आहे. त्यांनी सगळ्या कुंभिवलीत पेढे वाटले, दोन आम्हालाही धाडले. मला आलं, तोंडात पांढरा चट्टा आहे, ताबडतोब मुंबईला इस्पितळात दाखवा.

अक्षर अक्षर लावून वाचलं. पत्र उलटं करून मागची बाजूही बघितली. आणि मग लख्ख प्रकाश पडला. अरे, माझ्या कागदावर तर व्याह्यांचं तोंड तपासलंय! म्हणजे चट्टा त्यांचा. साफ तोंड माझं. आणि हा गडी माझ्या तोंडाचे पेढे वाटतोय! (ते दोन मी खाऊन बसलो होतो. गोड खाताना गाल झोंबला होता, पण तिकडं लक्ष कोण देतो?)

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं. हिराजी माणूस लाखात एक, आमच्या सुमनला पोटच्या लेकीसारखी वागवायचे. त्यांना सांगितलं नाही तर माणूस पेढे वाटता वाटता जायचा. दुसऱ्या दिवशी भागीला घेऊन एसटीनं कुंभिवली गाठली आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी माझं नाव वाचलं आणि मला मिठीच मारली. "पाव्हणं! असं कसं झालं वो!" विहीणबाईंनी कोंबडी कापायला काढली. शेजारपाजार मला बघायला गोळा झाला. एक म्हातारा तर माझ्या कपाळावरून हात फिरवून गेला.

"अवो, रडताय कुणासाठी?" मी ओरडलो. "हे माझं नाय, तुमचं हाय! कागद माझा, तोंड तुमचं!"

मी मानाची सगळी हकिगत सांगितली. व्याही काहीतरी बोलायला गेले.

"एक शब्द बोलू नका. घाबरल्यावर माणूस काय पण बोलतो."

"अवो पण पाव्हणं, मी तिथं..."

"गप! मी हाय ना!"

तेव्हा भागीनं त्यांना खूण केली आणि विहिरीकडं घेऊन गेली. दोघं बराच वेळ बोलत होती. परत आले तेव्हा व्याह्यांचे खांदे पडलेले, आवाज बारीक झालेला.

"पाव्हणं, मला भ्या वाटतंय. तुमी संगं याल?"

माझी छाती अशी फुगली! "याल म्हंजे? हाताला धरून नेतो!"

दुसऱ्या दिवशी कर्जतहून गाडीत बसलो आणि दादर येईपर्यंत मी तोंड मिटलं नाही. "लपवून काय मिळतंय, पाव्हणं? आपण बापे लोक असलेच. म्हशीनं एक दिवस चारा टाकला तर डॉक्टरला बोलावतो, आणि सोताचं दुखलं की भिंतीकडं तोंड करून झोपतो! बायकापोरांचा इचार करा. लवकर कळलंय, लवकर निघंल." समोरचा एक म्हातारा म्हणाला, "असा व्याही मिळायला नशीब लागतं." हिराजींनी तोंडावर रुमाल धरला होता, खांदे गदगदत होते. मी पाणी पाजलं. खिडकीकडं तोंड केलेल्या भागीचे खांदेही गदगदत होते. म्हटलं, किती हळवी माणसं ही!

इस्पितळात पुकारा झाला, "काशिनाथ!"

"उठा पाव्हणं," मी म्हणालो.

"नाव तुमचं हाय."

"अवो नाव माझं, तोंड तुमचं!"

"तोंड बी तुमचंच हाय, पाव्हणं."

आणि मग सांगितलं. शिबिरात आत गेल्या गेल्या त्या सरळ माणसानं कारकुनाला खरं काय ते सांगून टाकलं होतं. हा कागद माझ्या व्याह्यांचा, ते घाबरलेत म्हणून मला पुढं केलंय, माझा एकेचाळीस त्यांच्याकडं हाय. कारकुनानं तिथल्या तिथं दुरुस्ती केली. नंतर मी जाऊन "हिराजी" म्हणून ठणकावलं तेव्हा तो का हसला ते मला आत्ता कळलं!

"मग काल घरी का नाय सांगितलं?"

भागी म्हणाली, "सांगितलं असतं तर आला असता?"

मी उठून दाराकडं निघालो. व्याही आडवे आले. "लपवून काय मिळतंय, पाव्हणं? बायकापोरांचा इचार करा." माझंच भाषण, शब्दाला शब्द! त्याला उत्तर काय द्यायचं, ते काही मी कर्जत ते दादर तयार केलं नव्हतं.

आत गेलो. डॉक्टर म्हणाले, चट्टा अजून हाताबाहेर गेलेला नाही, पण आणखी सहा महिने बसून राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी तो कापून काढला, टाके घातले. बाहेर आलो तर माझी टोपी भागीच्या हातात, पिळून पिळून तिचं पार फडकं झालेलं. गाडीत हसत होती ती बाई! पण आत काय चाललं होतं ते त्या टोपीनं सांगितलं.

पंधरा दिवस बोलायची बंदी होती. गावातल्या चौघांनी म्हणे डॉक्टरला निरोप धाडला, टाके कायमचे ठेवता येतील का? त्या चौघांत भागी होती.

भागी गेली त्याला तीन पावसाळे झाले. छातीत गाठ होती. सांगितली तेव्हा उशीर झाला होता. माझं तोंड उघडायला तिनं दोन गावं कामाला लावली, आणि तुला काही होतंय का गं, एवढं मी तिला कधी विचारलं नाही. ह्यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून एवढंच लिहितो. तुमची असेल तर आज विचारा.

तंबाखू सुटली. तपासणीला मी दरवर्षी जातो आणि जाताना पन्नाशीच्या वरचा एखादा गडी धरतो. त्याला उपदेश करत नाही. म्हणतो, "एकट्याला भ्या वाटतं रं, चल की संगं." तो छाती फुगवून येतो, आणि आलाच आहे म्हटल्यावर त्याचंही तोंड तपासून होतं. लोक म्हणतात, काशिनाथ नाटक बरं करतो. नाटक कसलं! गेल्या खेपेला माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी संडासात कडी लावून बसलो होतो. त्या गड्यानंच दार बडवून मला बाहेर काढलं!