चौथ्या पार्टीचा ड्रेस

माझं झेरॉक्सचं दुकान आणि ताईचं शिवणाचं दुकान यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी आहे, बस्स. तिकडचं सगळं इकडं ऐकू येतं, आणि मी काही कानात बोळे घालून बसत नाही.

ताई म्हणजे आमच्या गल्लीतली शिंपीण. पन्नाशी ओलांडलेली, गळ्यात कायम टेप, आणि स्वभाव असा की कुणी "आता बरी आहे मी" म्हटलं तर ही विचारणार, "का गं, आधी काय झालं होतं?" गिऱ्हाईकानं कापड आणलं की आधी ती ते स्वतः मोजून घेते, आणि तेही गिऱ्हाईकासमोर. दुकानदारानं कमी दिलं असेल, किंवा उद्या हेच गिऱ्हाईक म्हणेल की जास्त दिलं होतं. तिचा नवरा ऐन तरुणपणी गेला आणि धाकट्या दिरानं "वहिनी, वहिनी" करत घर स्वतःच्या नावावर करून घेतलं. तेव्हापासून गोड बोलणारं माणूस समोर आलं की ताईचे कान टवकारतात. मुलगी परगावी नोकरीला असते. तिचा रोज फोन येतो आणि रोज ताई विचारते, "आवाज का असा येतोय? खरं सांग."

दीडएक वर्षापूर्वी कोपऱ्यावरच्या बँकेतली काउंटरवाली मुलगी तिच्याकडं ड्रेस शिवायला आली. लग्नाला चार वर्षं झालेली आणि आता पाचवा महिना. बरोबर तिची नणंद होती. बोलत होती ती नणंदच.

"ताई, घोषणेची पार्टी आहे आमच्याकडं. हलका निळा ड्रेस हवा, घोळदार. फोटोत पोट छान दिसलं पाहिजे."

"घोषणा कसली? दिसतंयच की," ताई म्हणाली.

ती पार्टी झाली. मग बँकेतल्या लोकांची झाली. त्यासाठी पिवळा. मग मैत्रिणींची, तिथं सगळ्यांनी एकाच रंगात यायचं होतं, आणि त्याआधी बागेत फोटो काढण्याचा एक अख्खा दिवस. प्रत्येक पार्टीआधी नणंद सगळ्यांच्या फोनवर भेटींची यादी पाठवायची. पाळणा कुठल्या कंपनीचा, बाबागाडी कुठल्या रंगाची, दूध गरम करायचं यंत्र कुठलं. ज्यानं जे निवडलं त्याच्यापुढं त्याचं नाव यायचं, आणि ज्यानं काहीच निवडलं नाही त्याचंही नाव दिसायचंच. यादी मलाही आली. त्या मुलीच्या कागदांच्या चार झेरॉक्स काढल्या एवढीच आमची ओळख! मी मुकाट्यानं सगळ्यात खालची दुपटी निवडली.

ताईनं काहीच निवडलं नाही. मग नणंद स्वतः आली. "ताई, चौथी पार्टी सगळ्यात मोठी आहे, तुम्हीही यायचं. हॉल घेतलाय. त्या दिवशीचा ड्रेस म्हणजे तुमच्याकडून गिफ्ट समजू या का आपण?"

ताई नुसतं "हं" म्हणाली. ती गेल्यावर फळीवर टकटक झाली. "ऐकलंस ना? मला आमंत्रण का आलं, ते कळलं आता."

दोन दिवसांनी बँकवाली माप द्यायला एकटीच आली. आठवा महिना नुकताच लागला होता. टेपचा सरसर आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. मुलगी हळूच म्हणाली, "ताई, पुढून आतल्या बाजूला थोडा कापूस भरता येईल का? बँकेत सगळे म्हणतात, पोट कुठंय तुझं. फोटोतही काहीच दिसत नाही."

"बघू," ताई म्हणाली.

मुलगी गेल्या गेल्या ताई मापांची वही घेऊन माझ्याकडं आली. "हे बघ. पहिल्या ड्रेसला तेहतीस इंच. दुसऱ्याला पस्तीस. तिसऱ्याला साडेपस्तीस. आणि आज? साडेपस्तीसच! मधे महिना गेलाय. वर म्हणते कापूस भरा. हे पोट खरं नाही, मी सांगते तुला. पाळणे, बाबागाड्या गोळा करायचे आणि मग म्हणायचं, राहिलं नाही."

"असं कसं करेल गं कुणी?" मी म्हणाले.

"माणसं काय काय करतात, ते मला नको सांगूस."

तिनं ते माझ्यापाशीच ठेवलं असतं तर ठीक होतं. पण दुपारी ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईला ती बोलली, आणि त्या बाईचा भाऊ त्याच बँकेत. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, ऐन कामाच्या वेळी, मुलगी तरातरा रस्ता ओलांडून आली. गळ्यात बँकेचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. मी फळीशी न थांबता सरळ ताईच्या दुकानात गेले.

"तुम्ही म्हणालात माझं पोट खोटं आहे?" तिनं आत येता येताच विचारलं. "बँकेत माझ्याकडं बघून लोक हसतायत. द्या इकडं हात." तिनं ताईचा हात ओढून स्वतःच्या पोटावर घट्ट दाबला. "खरंय का खोटं? सांगा!"

ताईचा चेहरा पार उतरला. तिनं हात थोडा सरकवून पुन्हा नीट ठेवला. मग म्हणाली, "खरंय. चुकले मी. मोठी चूक केली." मुलगी रडायला लागली. मला वाटलं, मिटलं आता. पण ताईनं हात काढला नव्हता. कपाळावर आठ्या घालून ती म्हणाली, "पण मग माप का वाढत नाही गं?"

"म्हणजे?"

"पोट खरं आहे, मग महिनाभरात अर्धा इंचही वाढायला नको? बाळ फिरतं का?"

"फिरतं... हल्ली कमी. वन्सं म्हणतात, आत जागा कमी पडते म्हणून."

"डॉक्टरकडं कधी गेली होतीस?"

मुलगी आठवायला लागली. एका तपासणीच्या दिवशी बागेतले फोटो होते. पुढच्या तारखेला मैत्रिणींची पार्टी. नणंद म्हणाली होती, सगळं नीट तर चाललंय, चौथी पार्टी झाली की जाऊ. म्हणजे सात आठवडे झाले होते.

"आत्ता चल," ताई म्हणाली.

"आत्ता? बँकेत—"

"बँकेला काही होत नाही." ताईनं मशीनवर कापड टाकलं, मला म्हणाली, "शटर ओढ," आणि मापांची वही काखेत मारून मुलीला रिक्षात बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी वही उलटसुलट करून बघितली आणि त्याही टेप घेऊनच उठल्या. मग सोनोग्राफी झाली. बाळाला आतून पोषण कमी मिळत होतं, त्याची वाढ खुंटली होती. मुलीला तिथल्या तिथं दाखल केलं. नणंद धावत आली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "रविवारपर्यंत सोडतील ना?" मुलगी पलंगावरून म्हणाली, "वन्सं, पार्टी होणार नाही." ताई सांगते, तोपर्यंत त्या पोरीचा एवढा स्पष्ट आवाज तिनं ऐकलाच नव्हता. नणंदेनं हॉलचं काढलं, नव्वद माणसांचं काढलं. मुलगी म्हणाली, "मला पहिलीसुद्धा नको होती. तुम्ही एवढ्या उत्साहानं करत होतात, नाही कसं म्हणू? आणि एकदा भेटी घेतल्यावर पुढं तर तोंडच उघडेना."

सोळा दिवसांनी ऑपरेशन करून मुलगी झाली. वजन दीड किलोच्याही आत. महिनाभर तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पार्टी रद्द झाली तरी यादीतल्या वस्तू येतच राहिल्या. खोकी दाराशी रचून ठेवलेली, आणि त्यातला एक कपडा त्या जिवाला होईल तर शपथ! सगळे तिप्पट मोठे. ताईनं मऊ मलमलीची सहा झबली शिवली. त्यासाठी नर्सकडून मापं मागवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवली. म्हणाली, "तिनं टेप नीट धरली असेल कशावरून?"

नणंद अजून ताईशी बोलत नाही. समोरून आली की रस्ता बदलते. बँकवाली कामावर परतली आहे. बाळ आता सव्वा वर्षाचं आहे, अंगानं बारीक, पण काउंटरवरचं पेन ओढायला हात भरपूर लांब.

परवा ती बाळाला घेऊन दुकानात आली होती. ताईनं शिवण बाजूला ठेवली आणि एकदम म्हणाली, "तुझ्याबद्दल मी जे बोलले, ते आठवलं की अजून लाज वाटते मला."

"वाटू दे," मुलगी म्हणाली. "मला पण राग आहेच अजून." आणि पोर ताईच्या मांडीवर देऊन ती बँकेत निघून गेली, संध्याकाळी साडेपाचला न्यायला येते म्हणून.