जर्मनीवरून पुण्याला

पिंपळगाव रेणुकाईत तेव्हा कुजबुज होती, की सर्जेरावच्या प्रभावतीचं जर्मनीत कोणीतरी आहे. रोज दुपारी दार लोटून बाई त्याच्याशी बोलते म्हणे. बातमी पुरवली खुद्द तिच्या दिरानं, अप्पारावनं. गावातलं इंटरनेटचं दुकान त्याचंच, घरातली वायरही तिथूनच ओढलेली. कोणाचा कॉम्प्युटर कुठं जोडला जातो ते त्याला बसल्या बसल्या दिसायचं. दिसलं, की पोटात मावायचं नाही.

ही २००८ ची गोष्ट. प्रभावती लग्नाआधीपासून पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. सासूनं, चतुराबाईनं, लग्नानंतर बजावलं, "आमच्या घरची सून कोनाच्या हाताखाली राबनार न्हाई." सर्जेराव आईसमोर मान डोलवण्यापलीकडे काही शिकलाच नव्हता. प्रभावती मग गुपचूप लॉगिन करायची. एकदा अप्पारावला पुण्याचा पत्ता दिसला, त्यानं घरी सांगितलं. त्या दिवशी वायर वाचली ती सासऱ्यांमुळं; त्यांना रोज कापसाचे भाव बघायला लागत. नोकरी मात्र सोडते, असं तिला कबूल करावं लागलं.

सोडली नाहीच. तिनं टॉर नावाच्या, माग लपवणाऱ्या सॉफ्टवेअरची वाट धरली. लॉगिन थेट पुण्याला न जाता आधी परदेशातली तीन यंत्रं फिरायचं, आणि दुकानात दिसायचं फक्त पहिलं, जर्मनीतलं. एक अक्षर टाइप करावं नि ते उमटेपर्यंत तव्यावरची पोळी उलटून यावं, अशी गत. पण काम टिकलं होतं.

शेवटी चतुराबाईनं तिला ओट्यापाशी गाठलं.

"जर्मनीत कोन हाय तुझं?"

"कोनी न्हाई, आत्याबाई."

"मंग अप्पाराव खोटं बोलून राह्यला का?"

"भाऊजींना दिसलं ते खरंय."

"बोल मंग. का माहेरी निरोप धाडू?"

खरं सांगावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर अब्रू. प्रभावतीनं गॅस बंद केला.

"मी नोकरी सोडली न्हाई. काम पुण्याचंच हाय. भाऊजींना कळू नये म्हनून जर्मनीवरून फिरवते."

चतुराबाईचा जीव भांड्यात पडला. मग तिनं उठून स्वतःच्या हातानं वायर उपटली.

"भाव रेडिओवर ऐकतील ते," म्हणाली.

गावाला तिनं सांगितलं, की सुनेचा मावसभाऊ जर्मनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सून नोकरी करते म्हणण्यापेक्षा तिला हे शोभिवंत वाटलं. अप्पाराव तर पुढं त्याचा पगारही सांगू लागला.

जर्मनीत प्रभावतीचं कोणीही नव्हतं. पुण्यात नोकरी होती. तीही चौथ्या दिवशी गेली.